उंच उकिरड्यांचं गाव

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे आपल्या वेळची नाही ना!" आणि निवांत होतात. मला तुम्हाला निवांत करायचं नाही. ही गोष्ट मी रागाने सांगणार आहे, कारण ती आठवली की मला रागच येतो. लहानांनी पुढे बसावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान उघडे ठेवावेत.

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला घरं, घरांच्या मागे शेतं. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक मोकळं मैदान, आणि त्या मैदानात गावाची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आतून कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि वर माती लोटायची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की पेव उघडायचं. गावाचा जीव त्या मैदानात पुरलेला होता म्हणा ना.

या गावात सोयरीक जुळवायची एक रीत होती. मुलाकडचे लोक आले की घराच्या ओटीवर बसायचे नाहीत, दागदागिने विचारायचे नाहीत. ते आधी जायचे उकिरड्याकडे. ज्याचा उकिरडा उंच, ते घर मोठं.

हसू नका. ही रीत ज्याने घातली तो शहाणा माणूस होता. दारात गुरं असतील तर शेण पडणार. शेण असेल तर खत होणार, खत असेल तर शेत पिकणार. मग उकिरडा बघितला की घर कळतं, बाकी बडबड ऐकायची गरजच काय? शहाण्याने माप दिलं आणि तो मरून गेला. त्याच्या मागोमाग त्या मापातला अर्थही मरून गेला, आणि गावाला फक्त उंची मोजायची सवय उरली.

मग सुरू झाली सोंगं.

पहिल्यांदा कुणीतरी उकिरड्यावर चुलीची राख टाकली. वास्तविक राखेने भांडी घासायची, राख वांग्याच्या रोपांवर टाकायची. पण राखेने उकिरडा हातभर वाढला आणि त्या घरच्या मुलीचं लग्न झटकन जमलं. झालं! दुसऱ्याने कान तुटलेली मडकी टाकली. तिसऱ्याने जरा विरलेली धोतरं टाकली. ज्यांच्या दारात शेळीसुद्धा नव्हती, त्यांचेही उकिरडे वाढू लागले. सकाळची भाकरी दुपारी शिळी ठरू लागली आणि उकिरड्यावर जाऊ लागली. पोरगं भूक भूक करत असलं तरी आई म्हणायची, "थांब, ताजी करते. ती टाकायची आहे."

टाकायची आहे! ऐकलंत? खायची होती ती भाकरी टाकायची झाली.

आणि एवढ्यावर हे लोक थांबले असते तर त्यांना माणसं कोण म्हणालं असतं? उकिरडा घरामागे असला की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्यांनी उकिरडे घरामागून उचलून रस्त्याकाठी, पेवांच्या मैदानाच्या वर आणून मांडले. दोघातिघा म्हाताऱ्यांनी हात जोडून सांगितलं, "अरे, खाली पेवं आहेत. पाणी उतरेल." त्यांना उत्तर मिळालं, "तुमचा काळ गेला, बाबा."

गावात सर्वांत उंच उकिरडा होता हौसाबाईचा. ही विधवा बाई जमीनजुमल्याची, आवाजाची आणि दिमाखाची. तिच्या उकिरड्यावर चढायला पायऱ्या केल्या होत्या. तिचा एकुलता एक मुलगा शिदू. पोरगा कामाला वाघ, पण आईपुढे बोलायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची.

आणि गावात सर्वांत लहान उकिरडा होता अनसाचा. खरं तर तो उकिरडा नव्हताच. घरामागे एक खड्डा होता. शेण, पालापाचोळा, भाज्यांची देठं त्यात जायची, वर मातीचा पातळ थर पडायचा, आणि वर्षाला तो खड्डा शेतात रिता व्हायचा. बाकी त्या घरातून बाहेर पडायला काही नसायचंच. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. भांडी घासलेलं पाणी अळूला आणि केळीला. दोडक्याच्या शिरा तव्यावर परतून चटणीत. उरलेल्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी कुस्करा, लसणाची फोडणी दिलेला. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पोतेरं, पोतेऱ्याच्या शेवटच्या धाग्याची वात. फुटक्या रांजणात कोथिंबीर उगवायची. धान्य थोडंच, ते घरातच, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं.

गाव अनसाला चिकट म्हणायचं. चिकट म्हणजे काय, तर जिच्याकडून वाया काही जात नाही ती!

अनसाची मुलगी तुळसा. तिचं आणि शिदूचं विहिरीवर येता-जाता मन जुळलं होतं. शिदूने कधी नव्हे ते धाडस केलं, आईला सांगितलं, आणि हौसाबाई मुलगी बघायला यायला तयार झाली. तुळसा त्या दिवसांत कामं करताना गुणगुणायची. तिला दुसरं काही नको होतं, एवढं एक घडायला हवं होतं.

अनसाचा नवरा दौलू मात्र झुरायला लागला. "अगं, हौसाबाई येणार," तो म्हणाला, "आन् आपला उकिरडा कोंबडीबी वलांडून जाईल. तोंड कसं दाखवू मी?"

"तोंड दाखवायला उकिरडा कशाला लागतो?"

"गावाची रीत हाय. चार वस्तू टाक म्हणतो मी. लेकीचं लगीन हाय."

"आवं, लेक उजवायचीय का उकिरडा?" अनसा म्हणाली आणि शेतावर निघून गेली.

दौलू वाईट माणूस नव्हता. घाबरट होता. घाबरट माणसं वाईटांपेक्षा जास्त नुकसान करतात, हे माझं मत तुम्हाला पटलं नाही तरी मी बदलणार नाही. बायकोची पाठ वळताच त्याने रस्त्याकाठी ढीग घालायला घेतला. कोथिंबिरीसकट फुटका रांजण आणला. टोपल्या आणल्या. सांडग्यांचं मडकं आणलं. तरी ढीग दिसेना, म्हणून त्याने अनसाच्या आईच्या लुगड्यांची गोधडी आणून वरती पसरली.

अनसा परतली तेव्हा रस्त्याच्या एका टोकाकडून ती येत होती, आणि दुसऱ्या टोकाकडून हौसाबाई, शिदू आणि चार नातेवाईक. ढिगावर आईची गोधडी बघून अनसाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पाहुण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ढिगावर चढली, गोधडी झटकली, खांद्यावर टाकली. मग सांडग्यांचं मडकं काखेत घेतलं. पाहुणे थिजून उभे राहिले. दौलू हात चोळत "आवं ऐक, आवं ऐक" म्हणून बायकोलाच आवं म्हणू लागला.

हौसाबाई हसली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्या घरात टाकायला काई न्हाई, त्या घरात खायला काय असंल? चला."

आणि ती वळली. नातेवाईक वळले. शिदू क्षणभर उभा राहिला. त्याने तुळसाकडे बघितलं, तोंड उघडलं, परत मिटलं, आणि आईच्या मागे चालू लागला.

संध्याकाळी तुळसा चुलीपुढे बसून म्हणाली, "आई, एक गोधडी तर व्हती. जाऊ दिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

आपलं बरोबर आहे हे माहीत असतं, आणि तरी पोरीच्या डोळ्यांत बघून ते सांगता येत नाही. अनसाने नुसती गोधडी घडी करून फळीवर ठेवली. तुळसाने रात्री ती अंगावर घेतली नाही.

काही दिवसांनी तुळसाचं दुःख आटलं आणि खाली राग उरला. आंब्यांचे दिवस होते. हौसाबाईच्या वाड्यावर पाट्यांनी आंबे उतरत होते, आणि पाट्यांनीच कोयी, अर्धे चोखलेले आंबे, चिंचेची टरफलं आणि चिंचोके उकिरड्यावर पडत होते. तुळसा भर दुपारी टोपली घेऊन तिथे गेली आणि कोयी वेचायला लागली. लपूनछपून नाही, रस्त्यावरच्या बायकांच्या देखत.

"बघा, बघा," बायका म्हणाल्या, "लगीन मोडलं आन् पोर कचरा येचाया लागली."

"तुमी टाकलंय न्हवं?" तुळसा म्हणाली. "मग आता ते तुमचं कसं?"

आंबे संपेपर्यंत ती रोज जात राहिली. अनसाने विचारलं नाही. तिने फक्त अंगणात वाळवायला चटई पसरून दिली. मायलेकींनी कोयी फोडल्या, आतला गर काढला, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवला, वाळवला आणि दळला. चिंचोके भाजून सोलले. टोपल्या, मडकी भरत गेली. दौलू कोपऱ्यात बसून टोपल्या विणत होता. त्या दिवसापासून तो तसाही फार बोलत नसे.

मग पाऊस लागला. त्यात नवल काही नव्हतं, दरवर्षी लागतो. पण आता रस्त्याकाठी ओळीने उकिरडे उभे होते, आणि ते शेणाचे नव्हते. शेणाचा ढीग पाणी पितो आणि फुगून बसतो. खापऱ्या, चिंध्या आणि नासकं अन्न यांच्या ढिगातून पाणी आरपार जातं, जाताना आतली सगळी घाण बरोबर घेतं. उकिरडे ढासळले. काळं पाणी मैदानात उतरलं आणि पेवांच्या तोंडांवर साचून राहिलं. गावाने ते बघितलं. नाकाला पदर लावून बघितलं आणि म्हटलं, "यंदा उकिरडे खचले, पुन्हा भरायला पाहिजेत."

श्रावणात घराघरांतलं धान्य संपलं. पेव उघडायचा पहिला मान मोठ्या घराचा, म्हणून हौसाबाईच्या पेवाचा दगड सारला गेला. पेव उघडल्याबरोबर आत कुणी उतरत नाही, कोंडलेली हवा जीव घेते. पण त्या दिवशी उतरायची वेळच आली नाही. वास बाहेर आला आणि माणसं मागे सरली. ज्वारीचा काळा चिखल झाला होता. दुसरं पेव उघडलं, तिसरं उघडलं. गाव नुसतं एका पेवाकडून दुसऱ्या पेवाकडे धावत होतं, आणि सगळीकडे तोच चिखल.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. त्या गावात उकिरड्यांचे पांग फिटले ते असे. भुकेली माणसं त्यांच्यावर चढली आणि नखांनी उकरू लागली. जी भाकरी दुपारी शिळी म्हणून फेकली होती, ती कुठे सापडते का हे शोधू लागली. सापडल्या खापऱ्या. मला त्यांची दया यायला हवी, पण मला अजूनही रागच येतो. त्या उकरणाऱ्यांत पोरंही होती, आणि पोरांनी काही टाकलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी सगळं गाव अनसाच्या दारात उभं राहिलं. पुढे हौसाबाई, हातात परात, आणि मागे तिच्या भावाची लहान मुलं. तिचा आवाज बसला होता.

"अनसाबाई," ती म्हणाली, "पोरं उपाशी हायत."

अनसा दारात उभी होती. राग तिच्या कपाळावर दिसत होता. "आधी पोरं आत धाडा," ती म्हणाली. "त्यांच्यावर माझा राग न्हाई."

पोरं जेवली. मग मोठ्यांना एकेक भाकरी मिळाली. भाकरी काळसर होती, तुरट होती, वर भाजलेल्या चिंचोक्यांचं पीठ आणि मीठ. हौसाबाईने भराभर खाल्ली आणि मग विचारलं, "कशाची हाय ही?"

उत्तर तुळसाने दिलं. "कोयीच्या पिठाची, काकी. कोयी तुमच्याच उकिरड्यावरच्या."

हौसाबाईचा हात तोंडापाशीच थांबला. तिने शेवटचा घास खाल्ला, कारण भूक होती.

मग एक पंच खाकरला. "आता रीतच तशी व्हती," तो म्हणाला. "आमी तरी काय करणार?"

हे ऐकून अनसाचा बांध फुटला.

"रीत? रीत काय आभाळातनं पडली? शेण बघायला सांगितलं व्हतं तुमाला, तुमी उंची बघत बसला! पोरांच्या तोंडची भाकरी ढिगावर टाकली, आन् त्याला मोठं घर म्हनला! माझ्या लेकीचं लगीन एका गोधडीपायी मोडलं. त्या गोधडीत माझी आई व्हती. ती टाकली असती तर मी मोठ्या घरची झाले असते, व्हय?"

तिने घरातल्या टोपल्या-मडक्यांकडे हात केला.

"माझ्याकडं हाय ते वाटून खाऊ. पुरणार न्हाई, पण हळवी बाजरी येईस्तोवर जीव जगंल. रानात टाकळा उगवलाय, कुर्डू उगवलाय, त्या रानभाजीला नाकं मुरडायची न्हाईत. पण उद्यापासनं उकिरडे उतरवा! शेण आन् पाचोळा घरामागं खड्ड्यात, वर माती. खापऱ्या रस्त्याच्या खाचांत. चिंध्या धुवा आन् शिवा, थंडी येतीय. राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी अळूला. ह्याला ना पैका लागत ना पंच. आन् ज्याला लाज वाटंल, त्यानं माझ्या दारात भाकरीला येऊ नये."

लाज वाटूनही सगळे आले. आणि उकिरडे उतरू लागले.

सर्वांत मोठा ढीग शिदूच्या वाट्याला आला. तो कुणाला हाक न मारता कामाला लागला. पावसात, चिखलात, पाठीवर पाट्या वाहत. त्याच ढिगावर आंब्यांच्या दिवसांत तुळसा टोपली घेऊन उभी राहायची. ती आता रस्त्याने जायची, पण बघायची नाही. निदान बघते असं दाखवायची नाही.

बाजरी कापणीला आली तेव्हा शिदू ढिगाच्या तळाशी पोचला. खापऱ्या संपल्या, चिंध्या संपल्या, राख संपली, आणि खाली लागली काळीभोर, भुसभुशीत माती. उकिरडे पुढे आणले तेव्हा त्यांचा जुना ढीग तसाच ओढून तळाला घातला होता. ते त्याच्या आजीच्या वेळचं खत होतं, रीत खरी होती तेव्हाचं. शिदूने पाटी भरली, अनसाच्या दारात आणून ठेवली आणि उभा राहिला.

तुळसा बाहेर आली. तिने मूठभर खत हातात घेतलं, चुरलं, हुंगलं. मग म्हणाली, "खत चांगलं हाय. पण त्या दिवशी तुझ्या जिभेला काय झालं व्हतं?"

"भ्यालो," तो म्हणाला.

"मग आता न भिता बोल. मला नगं, तुझ्या आईला. गावासमोर."

शिदू गेला. गावाच्या चावडीवर, पंचांसमोर, त्याने आईला सांगितलं, "चूक आपली व्हती, आई. तुळसाच्या घरी खायला व्हतं, म्हणून आपण जगलो. मी त्या दिवशी गप बसलो ती माझी चूक." हौसाबाईने त्याच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ती अनसाच्या घरी गेली. रस्त्याकाठी कुठेही न थांबता ती थेट ओटीवर येऊन बसली.

मार्गशीर्षात लग्न झालं. रुखवतात इतर काही असो-नसो, आईच्या लुगड्यांची ती गोधडी वरती होती. पंगत बसली तेव्हा वधूची आई वाढायला नव्हती. ती पंगतीच्या टोकाला काठी घेऊन उभी होती आणि प्रत्येक पत्रावळ बघत होती. विहीणबाई हौसाबाईंनी सवयीने अर्धी पोळी पत्रावळीच्या कडेला सरकवली. अनसाने काठी जमिनीवर एकदा आपटली. हौसाबाईंनी ती पोळी उचलली आणि मुकाट्याने खाऊन टाकली.

त्या मैदानातल्या पेवांत पुढे कुणालाच धान्य ठेवता आलं नाही. माती धुतली, जाळ केला, पण वास गेला नाही. गावाला नवीन पेवं दूर टेकाडावर खणावी लागली, आणि प्रत्येक सुगीला धान्य तिथवर डोक्यावर वाहून न्यावं लागलं. चढ चढताना दम लागला की म्हातारी माणसं थांबायची, खाली मैदानाकडे बोट दाखवायची आणि पोरांना ही गोष्ट सांगायची. तेही रागानेच सांगत असतील, असं मला वाटतं.

आता तुम्ही घरी जाल. घरी जाऊन काय टाकणार आहात, ते टाकण्याआधी एकदा हातात धरून बघा.

जे घर टाकून मोठं दिसू पाहतं, त्याला एक दिवस टाकलेलंच वेचून खावं लागतं.